पीच म्हणजे आंबा नव्हे

गेल्या जुलै महिन्यात मुलाकडे जपानमधील यामानाशी प्रांतात मी चार आठवडे राहून आलो, याचा ओझरता उल्लेख या सदरात झाला होता. तेव्हापासून पेरू, लिंबू आणि डाळिंब यांच्याविषयीच्या नेहमीच्या पत्रांबरोबर पीचविषयी इतकी विचारणा होत आहे की या अंकाचे सदर त्या एकाच फळासाठी ठेवावे असे संपादकांनी सुचवले. इंदूरच्या मराठी घरांतील किती मुले-सुना आज जपानमध्ये नोकरीला आहेत, याचा अंदाजही या पत्रांवरून आला.

प्रश्न : आमच्या सूनबाईंनी टोकियोहून व्हिडिओवर पीचची पेटी दाखवली. पेटीत सहाच फळे, प्रत्येकाला मऊ जाळीची टोपी. किंमत ऐकल्यावर आमच्या घरी ‘एवढ्यात हापूसची पेटी आली असती’ असा शेरा पडला. झाडावरही प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधतात, हे खरे का? हा नुसता दिखाऊपणा तर नव्हे? (एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपल्या घरी हापूसचे नाव निघाले हे बरेच झाले, कारण पीच महाग का, याचे उत्तर आंबा आणि पीच यांच्यातील फरकातच आहे. आंबा आपण उतरवतो तेव्हा तो कच्चा असतो, पण त्याच्या गरात पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, साठा असतो आणि अढीत आठ-दहा दिवस पडून राहिला की त्या साठ्याची साखर होते. पीचमध्ये तोडणीच्या वेळी असा साठा जवळजवळ नसतोच. तोडल्यानंतर तो मऊ होतो, त्याचा वास खुलतो, आंबटपणा थोडा उतरतो, पण गोडी वाढत नाही. झाडावर असताना जेवढी साखर फळात उतरली, तेवढीच शेवटपर्यंत. त्यामुळे चांगला बागायतदार फळ अगदी अखेरच्या दिवसापर्यंत झाडावर राखतो, आणि त्या दिवशी ते इतके नाजूक झालेले असते की त्यावर बोट दाबले तर काही तासांत तिथे तपकिरी डाग उमटतो. जाळीची टोपी त्यासाठी आहे. तिला दिखाऊपणा म्हणता येणार नाही. पेटीवरच्या रंगीत फितीबद्दल मात्र मी काही बोलत नाही.

या फळामागचे कष्ट मी जवळून पाहिले ते यामानाशीत. जपानमधील पीचच्या उत्पादनापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा या एका प्रांताचा आहे. दुसरा क्रमांक फुकुशिमाचा. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या कोफूच्या खोऱ्यात नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे आणि गोट्यांचे, हातपंख्यासारखे पसरलेले उतार आहेत. तिथे पाणी मुळाशी थांबत नाही, ऊन जपानच्या मानाने भरपूर आणि पाऊस कमी. दिवसा आणि रात्री तापमानातही चांगलीच तफावत असते. याच उतारांवर पूर्वी रेशमाच्या किड्यांसाठी तुतीची लागवड होती. रेशमाचा धंदा ओसरल्यावर, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, शेतकऱ्यांनी तुती काढून पीच आणि द्राक्षे लावली. या खोऱ्याच्या पूर्व भागातील फळशेतीची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2022 मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून नोंदवून घेतली.

आता कामाचा क्रम पाहू. हिवाळ्यात छाटणी होते, कारण पीचला फळ धरते ते मागच्या वर्षी फुटलेल्या काडीवर, आणि छाटणी टाळली तर फळ दरवर्षी शेंड्याकडे सरकत जाते. मग फुले उमलण्याआधीच बऱ्याच कळ्या बोटांनी निपटून काढतात. एप्रिलच्या सुरुवातीला सगळे खोरे गुलाबी होते, तेव्हा पाहुणे छायाचित्रे काढत असतात आणि बागायतदार मात्र पिसांच्या लांब दांड्याच्या झटकणीने फुलाफुलांवर पराग लावत फिरत असतात. आसामा हाकुतो आणि कावानाकाजिमा हाकुतो यांसारख्या उत्तम जातींच्या फुलांत कामाचा पराग जवळजवळ नसतो. तो दुसऱ्या जातीच्या फुलांतून काढून आणावा लागतो. त्यानंतर विरळणी. फळ बोराएवढे असताना एकदा आणि मोठे झाल्यावर पुन्हा, अशी बहुतेक फळे तोडून टाकतात आणि एका काडीवर एखाद-दुसरेच ठेवतात. आपल्याकडचा शेतकरी लागलेले फळ स्वतःच्या हाताने खाली टाकायला सहजासहजी तयार होत नाही. तिथेही पहिल्या पिढीला ते जड गेले असणार, असे मला वाटते.

यानंतर आपण विचारलेल्या पिशव्यांची पाळी येते. त्या कागदाच्या असतात, त्यांच्या तोंडाशी बारीक तार असते आणि फांदीलगत तिला एक पीळ दिला की काम होते. कीड, पाखरे, पावसाचे थेंब आणि पानांचे घर्षण यांपासून फळ वाचते, आणि सालीचा पोतही तलम राहतो. ओकायामा प्रांतात शिमिझु हाकुतोसारख्या जातींवर ही पिशवी तोडणीपर्यंत ठेवतात, म्हणून तिथला पीच मोगऱ्याच्या पाकळीसारखा, साईच्या रंगाचा निघतो. यामानाशीत अनेक जातींची पिशवी तोडणीच्या काही दिवस आधी काढतात आणि झाडाखाली चंदेरी कापड अंथरतात, म्हणजे जमिनीवरून परतलेला प्रकाश फळाच्या बुडालाही लाली आणतो.

तोडणीच्या दिवशी मुलाच्या ओळखीच्या एका बागेत आम्ही पहाटे पाच वाजता पोचलो, कारण उन्हाने फळ तापण्याआधी काम उरकायचे असते. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या; उकाडा असूनही त्यांचा सदरा मनगटापर्यंत आणि गळ्याभोवती पंचा, कारण पीचची लव अंगावर उडाली की खाज सुटते. त्या तळहात फळाखाली सपाट धरत, बोटे कुठेही टेकवत नसत, आणि मनगट किंचित उचलले की फळ आपसूक तळहातावर येई. मीही एक तोडला, अर्थात पेरू तोडावा तसा, पाचही बोटांनी धरून. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो पीच माझ्या हातून घेऊन वेगळ्या टोपलीत ठेवला आणि निघताना मलाच भेट दिला. संध्याकाळी पाहिले तर त्यावर माझ्या चार बोटांचे चार डाग स्पष्ट उमटले होते.

बागेतून फळे सहकारी संस्थेच्या केंद्रावर जातात. तिथे सरकत्या पट्ट्यावर प्रत्येक फळातून प्रकाश सोडून, फळ न कापता, त्याची गोडी मोजली जाते. चांगल्या पीचची गोडी साधारण 12 ते 15 अंश ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) भरते. आपल्या यजमानांना सांगायला हरकत नाही की पिकल्या हापूसची याहून जास्त असते. मात्र जपानी पांढऱ्या पीचमध्ये आंबटपणा फार थोडा आणि रस फार, म्हणून जिभेला तो आकड्यापेक्षा गोड लागतो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ओचुगेन नावाची भेटी देण्याची प्रथा असते आणि निवडक फळे त्या पेट्यांत जातात. सूनबाईंनी दाखवलेली पेटी बहुधा त्यांपैकीच असावी. किंचित डाग पडलेली तितकीच गोड फळे बागेजवळच्या दुकानांत पुष्कळ स्वस्त मिळतात, हे त्यांना अवश्य कळवा.

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी मी जुलैअखेर तीन आठवडे कोफूला जाणार आहे. पीचच्या बागा पाहता येतील का? कोणती जात खावी? जपानी पीच तोंडात विरघळतो म्हणतात, पण तिथे राहिलेला माझा मित्र म्हणतो की लोक तो सफरचंदासारखा कडक खातात. (एक तरुण वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आपली वेळ उत्तम साधली आहे. यामानाशीत हिकावा हाकुहो ही लवकर येणारी जात जूनअखेरीस सुरू होते, मग हाकुहो, जुलैच्या उत्तरार्धात आसामा हाकुतो आणि ऑगस्टमध्ये कावानाकाजिमा हाकुतो. एकेक जात दहा-पंधरा दिवसच टिकते. कालपर्यंत दुकानात असलेले नाव आज दिसत नाही. म्हणून अमुक एक जात हवी असा हट्ट धरू नये, त्या आठवड्यात जी असेल ती खावी. आपल्याकडे हापूस संपला की लंगडा आणि मग चौसा येतो, तसेच हे समजा.

आपल्या मित्राचे म्हणणे अगदी खरे आहे. यामानाशी आणि फुकुशिमा येथील बरेच लोक पीच कडकच खातात, धुऊन, लव पुसून, कित्येकदा सालीसकट. बाहेरगावी पाठवलेला पीच वाटेत मऊ होतो, त्यामुळे मऊ पीच म्हणजेच खरा पीच अशी समजूत शहरात झाली. बागेशेजारी राहणाऱ्याला तो त्याच दिवशीचा मिळतो. पहिल्यांदा मला हा प्रकार कच्च्या पेरूसारखा वाटला होता. पण साखर झाडावरच भरलेली असल्यामुळे कडक पीचही पुरेसा गोड असतो, फक्त त्याचा सुगंध दबलेला असतो. आपण तीन आठवडे राहणार आहात, तर एकाच बागेतील चार फळे घेऊन एक त्याच दिवशी आणि बाकीची एकेक दिवस ठेवून खा, म्हणजे कोणत्या दिवसाचा पीच आपल्याला आवडतो ते कळेल. मला तिसऱ्या दिवसाचा आवडला.

फुएफुकी शहराच्या परिसरात पर्यटकांसाठी ‘मोमोगारी’च्या बागा आहेत. मोमो म्हणजे पीच. ठरलेले शुल्क भरून बागेत फळ तोडून खायची तिथे सोय असते. फळ दाबून पाहू नये, बाग दाखवणारा सांगेल तेच तोडावे आणि तोडलेले टाकू नये. इतर बागांत मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नका, कारण अलीकडे फळांच्या चोऱ्यांमुळे तिथले शेतकरी त्रासले आहेत आणि कॅमेरा घेऊन बांधावर उभा राहिलेला अनोळखी माणूस त्यांना आवडत नाही. सुट्टी जोडून फुकुशिमाला जाणे झाले तर आकात्सुकी ही जात चाखा. हाकुतो आणि हाकुहो यांच्या संकरातून ती आली; तिचा गर घट्ट आणि गोड असतो, आणि जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य हाच तिचा हंगाम आहे.

प्रश्न : माझ्या नातवाने मंडीतून हिमाचलचे म्हणून छान लालसर आडू आणले. खराब होऊ नयेत म्हणून मी ते लगेच फ्रीजमध्ये ठेवले आणि आठ दिवसांनी काढले, तर आत कापूस खाल्ल्यासारखे लागले. फळ जुने होते की माझे काही चुकले? (एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आजी, दुकानदाराला दोष देण्याआधी फ्रीजकडे पाहावे लागेल. पीचला, म्हणजेच आडूला, साधारण 2 ते 8 अंश सेल्सिअसची थंडी सलग काही दिवस मिळाली की त्याच्या गरातील पेक्टिनचे, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, नीट विघटन होत नाही, रस मोकळा न होता धरून राहतो आणि गर पिठूळ किंवा कापसासारखा होतो. घरातल्या फ्रीजचे तापमान नेमके याच पट्ट्यात असते. फळ न पिकता आत गेले तर नुकसान अधिक होते, आणि बाहेर काढून ठेवल्यानेही ते सुधारत नाही.

आडू घरी आले की ताटात कागदावर एका थरात, देठाची बाजू खाली करून, वाऱ्याच्या जागी ठेवावेत. अढी घालू नये, कारण एकमेकांच्या भाराने ते चेचतात. देठाजवळचा हिरवेपणा जाऊन पिवळसर झाक आली आणि खोलीत वास दरवळू लागला की फळ तयार झाले. बोटाने दाबून पाहण्याची सवय मात्र सोडावी लागेल (मला ती सोडायला सत्तर वर्षे लागली). खाण्यापूर्वी तासभर, फार तर दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. त्याहून जास्त थंड केले तर गोडी जिभेला कमी जाणवते. फळाच्या अंगावर जी खाच असते तिच्यावरून सुरी कोयीपर्यंत नेऊन गोल फिरवा आणि पाकळ्यांसारखे काप काढा. देठाकडच्या भागापेक्षा टोकाकडचा भाग गोड असतो, तेव्हा एकेका कापात दोन्ही भाग येतील असे उभे कापावे, म्हणजे नातवंडांत भांडण होणार नाही. काप काळे पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढावेत.

जे कापसासारखे झाले आहेत ते टाकू नका. साखर आणि थोडी वेलची घालून त्यांचा मुरंबा उत्तम होतो, आणि शिजल्यावर पोताची तक्रार राहत नाही.

प्रश्न : सांवेर मार्गावर माझी आठ एकर जमीन आहे. एका रोपवाटिकेने ‘जपानी पीच’ म्हणून दहा कलमे दिली. तीन वर्षे झाली, झाडे वाढली, पण फुले तुरळक येऊन गळून जातात. खताचा डोस वाढवू का? दुसरे असे की माझा भाचा जपानहून चांगल्या पीचच्या कोयी आणू का म्हणतो. (एक शेतकरी वाचक)

उत्तर : खत वाढवू नका. तुमच्या झाडांना कमतरता आहे ती थंडीची. पीचची कळी हिवाळ्यात झोपी जाते आणि 7 अंशांच्या खालची ठरावीक तासांची थंडी भोगल्याशिवाय नीट जागी होत नाही. जपानमधील चांगल्या जातींना अशी सुमारे हजार तासांची थंडी लागते. कोफूत जानेवारीत रात्रीचे तापमान नियमितपणे शून्याखाली जाते. आपल्या इंदूरला जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी किमान तापमान 10 अंशांच्या आसपास असते, थंडीची लाट आली तर चार-सहा रात्री त्याखाली, आणि दिवसा तर 25-26 अंशांचे ऊन, जे रात्री मिळालेल्या थंडीचा परिणाम बरेचदा पुसून टाकते. अशा झाडाला अर्धवट जाग येते, एखाद-दुसरे फूल निघते आणि गळते. ती कलमे खरोखर जपानी जातीची असतील तर ती माळव्यात फळणार नाहीत. आणि नसतील, तर नेमकी कोणती जात दिली हे त्या रोपवाटिकेकडून लेखी मागून घ्या.

हौस असेल तर कमी थंडीच्या जातींकडे वळा. पंजाबच्या मैदानी भागात शान-ए-पंजाब, प्रभात, फ्लोर्डा प्रिन्स या जाती रुळल्या आहेत. फ्लोर्डा प्रिन्सला दीडशे तासांच्या आसपास थंडी पुरते. त्यांची फळे तिथे एप्रिल-मे महिन्यांत येतात, म्हणजे आपल्याकडेही पावसाआधी हाती यावीत. तरी एकदम एकरभर लावू नका. चार-पाच झाडे लावा आणि तीन हंगाम बघा. तुमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी आहे आणि पीचच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, तेव्हा सपाटीवर खड्डा न करता दीड-दोन फूट उंचीचे गादीवाफे करून, मुरूम मिसळून, उतार देऊन लावा. लावणी जानेवारीत, झाड झोपेत असताना. दरवर्षी भरपूर छाटणी करा. फळ बोराएवढे असताना दोन फळांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करा, मन घट्ट करून. मावा आणि फळमाशी यांच्यावर लक्ष ठेवा. मोठ्या पेरूला फोमची जाळी आणि वर पिशवी घालणारे बागायतदार आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. तेच हात पीचवर वर्तमानपत्राची पिशवी बांधू शकतील. एप्रिलच्या लूमध्ये दुपारी पश्चिमेकडून सावलीचे कापड लावावे लागेल. एवढे करून फळ जपानसारखे होईल, असे आश्वासन मी देणार नाही.

भाच्याला कोयी आणू देऊ नका. परदेशातून बी, कलम किंवा रोप आणायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. 2003 च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशान्वये हे बंधनकारक आहे, आणि सामानातून गुपचूप आणलेल्या एका कोयीबरोबर आपल्या बागांना नको असलेला रोगही येऊ शकतो. जपाननेही आपल्या बियाणे कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती करून नोंदणीकृत जाती परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आहेत. शिवाय कोयीतून उगवलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. कधी कधी ते आईपेक्षा सरस निघते, हे खरे. ओकायामात 1899 मध्ये ओकुबो जुगोरो यांच्या बागेत असेच एक रोप आपोआप निपजले आणि त्यातून हाकुतो, म्हणजे पांढरा पीच, ही जात मिळाली. आज जपानमध्ये नावाजलेल्या बहुतेक जातींच्या वंशावळीत ती सापडते. पण अशा नशिबासाठी आठ एकर अडकवून ठेवू नयेत.

प्रश्न : आडू, पीच आणि जुन्या पुस्तकांत दिसणारा सप्ताळू ही तीन फळे आहेत की एक? (एक वाचक, देवास)

उत्तर : एकच. सप्ताळू हा शब्द फारसीतील शफ्तालूवरून आला. शास्त्रीय नावातही पर्शिया आहे, पण फळ मूळचे चीनचे. इंदूरच्या मंडीत आडू म्हणून मागितलेत तर भाव जरा बरा लागतो, असा माझा अनुभव आहे.